मिरचीची कात

सरांचा फोन आला. "भाऊ, एका किड्याचा फोटो काढायचाय. पाळलेला किडा आहे." मला वाटलं, रेशमाचा असेल. निघाला खंडोबाचा किडा. पुस्तकात त्याला प्रार्थना कीटक म्हणतात आणि आपल्याकडे बरेच जण सरसकट नाकतोडा म्हणून मोकळे होतात. सातवीतल्या एका मुलीने श्रावणात, कानबाईच्या रोटांच्या दिवसांत, तो बांधावरून घरी आणला होता. तेव्हा बोटाच्या पेराएवढा होता. आता गुलाबाईची गाणी सुरू झाली होती आणि किडा मधल्या बोटाएवढा झाला होता. नाव मिरची.

अमळनेरला माझा स्टुडिओ आहे, घर चालतं ते लग्नांवर. १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स घेतली तीही साखरपुड्याच्या अंगठ्या, नथीतले मोती आणि नवरीच्या हातावरची मेंदी टिपायला. एका पावसाळ्यात स्टुडिओच्या ट्यूबलाइटवर आलेला पतंग सहज त्या लेन्समधून बघितला आणि तेव्हापासून मोकळा वेळ मिळाला की मी किड्यांच्या मागे असतो. हे शिक्षकांपर्यंत पोचलं होतं, म्हणून हा फोन. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मिरचीचा मोठा फोटो लावायचा होता. समोरून, चेहऱ्याचा.

"हलत असेल तर पाच मिनिटं फ्रिजमध्ये ठेवू या का?" सरांनी विचारलं. हा उपाय पुष्कळ जण सांगतात. मी तो करत नाही. गारठवून सुन्न केलेला किडा फोटोत लगेच ओळखू येतो. मिशा पडलेल्या असतात, पाय पोटाखाली ओढलेले असतात आणि अंगात कुठेच ताण नसतो. जिवंत प्राण्याला असं करून मिळालेला फोटो मला भिंतीवर नको.

दुपारी चारच्या सुमारास गावात पोचलो. पारोळ्याच्या बाजूचं, कापसातलं गाव. ओट्यावर आजी शेंगा निवडत बसल्या होत्या. माझी बॅग, स्टँड, फ्लॅश बघून म्हणाल्या, "एक किडा, आन तेना फोटो काढाले इतला मोठा क्यामेरा!" मग लगेच आवाज उतरला. "तीन दिन व्हयनात, काही खात नही ती. मरी ऱ्हायनी का हो भाऊ?"

मुलगी दारात उभी होती. रडून झालेले डोळे. तिने मला आत नेलं.

तिची व्यवस्था बघून मी आधी कॅमेरा बाहेरच काढला नाही. बिस्किटांची मोठी प्लॅस्टिकची बरणी. झाकण काढून त्या जागी मच्छरदाणीचं कापड रबराने ताणून बसवलेलं. आत पऱ्हाटीची एक उभी काडी. बरणीच्या अंगाला पोस्टकार्डाएवढी खिडकी कापून तिच्यावरही जाळी, खाऊ टाकायला. रोज सकाळी जाळीवर पाण्याचा हलका फवारा, कारण मिरची थेंब पिते. खाऊ म्हणजे माश्या आणि रात्री दिव्याखाली येणारे पतंग. शेतातलं काही नाही. "आबांनी फवारणी केली की आठ-दहा दिवस शेतातला किडा द्यायचा नाही, काका. आधीची एक तशीच मेली," ती म्हणाली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. एकीला हरवून ती शिकली होती.

मिरची वरच्या जाळीला उलटी लटकलेली होती. हलत नव्हती. मी खिडकीतून पाठ बघितली आणि समजलं. पाठीवर पंखांच्या ज्या चपट्या पुड्या असतात त्या टरारून फुगल्या होत्या. हा किडा मोठा होताना सात-आठ वेळा कात टाकतो आणि शेवटच्या कातीतूनच पंख बाहेर येतात. त्याआधी दोन-चार दिवस तो खाणं सोडतो.

"मरत नाहीये माय ती," मी मुलीला म्हटलं. "तिला पंख येणार आहेत. आज रात्री किंवा उद्या."

मी घरी फोन करून सांगितलं की यायला उशीर होईल.

आता इथे मला मागच्या वर्षीचं सांगावं लागेल. माझ्याकडेही असाच एक किडा होता, अशीच बरणी होती. तो कात टाकायला लागला तेव्हा मागे पिवळी भिंत येत होती म्हणून मी बरणी उचलून टेबलाच्या दुसऱ्या कडेला ठेवली. जेमतेम हातभर. त्या क्षणी तो जुन्या कातडीतून अर्धा बाहेर होता, अंग लोण्यासारखं मऊ. धक्क्याने सुटला आणि तळाशी पडला. हा किडा उलटं लटकूनच बाहेर येऊ शकतो, वजनानेच खाली सरकतो, म्हणून पडला की संपलं. पाय वाकडे वाळले. चार दिवस तो कुशीवर पडून राहिला आणि मेला. ते फोटो माझ्याकडे आहेत. कुणाला दाखवलेले नाहीत.

म्हणून मी मुलीला आणि आजींना एवढंच सांगितलं की आता ही बरणी कुणी हलवायची नाही, मी पण नाही. बरणी होती लोखंडी कपाटावर, मागे कॅलेंडर, आणि मिरचीची पाठ खिडकीकडे. ज्या फोटोसाठी मला बोलावलं होतं तो चेहरा पलीकडे, ओरखडे पडलेल्या प्लॅस्टिकआड. तो आज मिळणार नव्हता. खिडकीची जाळी तेवढी मी हळूच सोडवली आणि तीन पायांचा स्टँड पूर्ण उंच करून कपाटासमोर लावला.

या कामाची अडचण ज्यांनी केलं नाही त्यांना सांगतो. वस्तू जेवढी आहे तेवढीच सेन्सरवर पाडायची म्हटली की माझ्या कॅमेऱ्यात सव्वादोन सेंटिमीटर रुंदीची चौकट मावते, आणि एफ ११ ठेवूनही, म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच बारीक करूनही, स्पष्ट दिसणारा थर मिलिमीटरभर जाड नसतो. किड्याच्या पाठीवर फोकस असेल तर पाय गेले, पायांवर असेल तर पाठ गेली. ऑटोफोकस बंद करायचा, रिंगला हात लावायचा नाही आणि अख्खा कॅमेराच स्टँडवरच्या सरकत्या रेलवरून केसभर पुढे-मागे सरकवायचा. उजेडाला फ्लॅश, पण अगदी कमी ताकदीवर, आणि त्याच्यापुढे दह्याचा पांढरा डबा कापून लावलेला. नाहीतर किड्याच्या अंगावर तेल लावल्यासारखे पांढरे डाग पडतात.

मग वाट बघणं. आजींनी कळण्याची भाकरी आणि ठेचा दिला. मी मुलीला इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या प्रयोगाची गोष्ट सांगितली. २०१६ साली तो प्रसिद्ध झाला. तिथल्या संशोधकांनी या किड्यांना एक डोळा निळा, एक हिरवा असे चिमुकले चष्मे मेणाने चिकटवले आणि त्यांना थ्रीडी सिनेमा दाखवला, पडद्यावर फिरणारी शिकार. शिकार पडद्यापुढे, अगदी जवळ आल्याचा भास झाला की किडा झडप घालायचा, सपाट पडद्यावर असली की नाही. आपल्यासारखं दोन डोळ्यांनी अंतर मोजता येतं हे अजून तरी कीटकांमध्ये याच एकाचं सिद्ध झालं आहे. मुलीने विचारलं, "मेण नंतर काढलं का त्यांनी?" काढतात, मी म्हटलं. मग तिचं समाधान झालं.

साडेसातला गल्लीतल्या मुली टिपऱ्या घेऊन गुलाबाई म्हणायला ओट्यावर आल्या. पहिलं गाणं सुरू होताच ती पळत बाहेर गेली. काय बोलली ते ऐकू आलं नाही, पण टिपऱ्या थांबल्या आणि सगळा घोळका शेजारच्या ओट्यावर गेला. ती परत आली तेव्हा मिरचीच्या अंगात हळूहळू कळा आल्यासारखी हालचाल सुरू झाली होती.

सात वाजून बावन्न मिनिटांनी डोक्यामागे, पाठीच्या बरोबर मधोमध, कातडी उसवली. पहिल्या फोटोवर ही वेळ आहे. शिवण उसवावी तशी सरळ रेघ, आणि रेघेतून फिकट, ओलसर, पोपटीपेक्षाही कोवळं अंग वर फुगून आलं. मला समोरून चेहरा हवा होता, पण समोर असतो तर ही रेघ दिसलीच नसती. फुगवटा वाढत गेला, मग डोकं मागे वाकून सुटलं आणि अख्खी मिरची खाली घसरायला लागली. मिशा निघत होत्या तेव्हा तर मी शटर दाबायचं विसरलो. जुन्या मिशीच्या नळीतून नवी मिशी, रेशमाचा एकेरी धागा सुईतून ओढावा तशी, संथ, न तुटता.

तेवढ्यात लाइट गेली.

फ्लॅश माझ्याकडे होता, पण फोकस करायला काही दिसलं तर पाहिजे. मुलीने बापाचा मोबाइल आणला. मी त्याच्या टॉर्चवर बटर पेपरची दुहेरी घडी धरायला सांगितली. तिने एका हाताने कपाटाची कड पकडली, दुसऱ्या हाताने तो उजेड, आणि ती तशीच उभी राहिली. पुढचे सगळे फोटो तिच्या हातच्या उजेडात फोकस केलेले आहेत.

मधला डावा पाय अडकला. बाकीचे पाच मोकळे झाले आणि हा एक गुडघ्यापाशी जुन्या नळीत राहिला. ती ओढायची, थांबायची, परत ओढायची. "काका, काडीने जरा..." मुलगी कुजबुजली. मी नाही म्हटलं. तो पाय त्या वेळी पाण्यात भिजवलेल्या शेवईसारखा असतो, काडी लागली की वाकलाच. मला मागच्या वर्षीचा तो पाय दिसत होता. आजी कधी उठल्या कळलं नाही. त्यांनी लुगड्याचं एक जुनं फडकं ओलं पिळून आणलं आणि बरणीजवळ, बरणीला न लावता, कपाटाच्या दाराला अडकवलं. "सुकी गये व्हयी ते," एवढंच म्हणाल्या. फडक्याने झालं की आपसूक, मी सांगू शकत नाही. फोटोंच्या वेळा बघितल्या तर पाय अडकल्यापासून सुटेपर्यंत चार मिनिटं गेली. सुटला तेव्हा मुलीच्या हातातला उजेड हलला आणि तो एक फोटो धूसर आहे. मी तो पुसलेला नाही.

यानंतर मिरची शेपटाच्या टोकाने जुन्या कातीला डोकं खाली करून लोंबकळत राहिली, पाय कडक व्हायची वाट बघत. मग एकदम पोटातून वर दुमडली, जाळी पकडली, आणि पंख उलगडायला लागले. आधी ते धुवून पिळलेल्या रुमालाच्या गोळ्यासारखे होते. अंगातलं पाणी पंखांच्या शिरांत भरत जातं तसे ते एकेक चुणी सुटत खाली उतरतात. अर्ध्या तासाने पंख पोट झाकून खाली पोचले, दुधासारखे फिके. नऊ वाजून गेले होते. शेजारच्या ओट्यावर खाऊ ओळखायचा खेळ चालला होता आणि आमच्या घरात अंधार.

रात्री चेहऱ्याचा फोटो काढला नाही. अंग अजून ओलं होतं, आणि अंधारात या किड्याचे डोळे काळपट होतात, त्यात मला हवं ते दिसत नाही. दोन दिवसांनी सकाळी परत गेलो. मिरची तोपर्यंत खरोखर मिरचीच्या रंगाची झाली होती आणि एक माशी खाऊन बसली होती. मुलीने तिला पऱ्हाटीच्या बोंडावर चढवलं आणि ती स्वतःहून कॅमेऱ्याकडे वळली. सहा मिनिटांत फोटो झाला. सरांना हवा तो, समोरून, त्रिकोणी तोंड, हिरवे डोळे आणि दोन्ही डोळ्यांत एकेक काळा ठिपका, रोखून बघणारा.

मुलीने आधीच मला सांगून ठेवलं होतं, "ती माझ्याकडेच बघते, काका. मी कुठेही बसले तरी." मला ते खोडायचं नव्हतं, पण तिला खरं सांगायचंही होतं. त्या ठिपक्याला आभासी बाहुली म्हणतात. डोळा हजारो बारीक भिंगांचा असतो. त्यांतली जी थेट आपल्या दिशेला असतात ती उजेड गिळतात म्हणून काळी दिसतात, बाकीची उजेड परतवतात म्हणून हिरवी. आपण सरकलो की दुसरी भिंगं आपल्या दिशेला येतात आणि ठिपका आपल्यामागे सरकतो. म्हणजे एकाच वेळी तिलाही वाटतं तिच्याकडे बघतेय आणि मलाही वाटतं माझ्याकडे.

ती विचार करत राहिली. मग जाऊन कात घेऊन आली, काडेपेटीत ठेवलेली. जुन्या डोळ्यांवरची कातडीसुद्धा कातीबरोबर निघून येते, हे तिला माझ्याआधी दिसलं होतं. मी लेन्समागे ६८ मिलिमीटरच्या एक्स्टेंशन ट्यूब, म्हणजे वस्तू आणखी मोठी दिसावी म्हणून लावायच्या पोकळ नळ्या, जोडल्या आणि तेवढाच भाग घेतला. सेलोफेनसारखी पारदर्शक वाटी, आणि स्क्रीनवर मोठं केल्यावर तिच्यावर मधाच्या पोळ्यासारखी जाळी, ओळीने सहा कोनांची घरं. "यातूनच बघत होती ती?" तिने विचारलं. हो, म्हटलं, परवा संध्याकाळपर्यंत यातूनच.

प्रदर्शनात सरांनी चेहऱ्याचा फोटो लावला. मुलीने त्याच्या शेजारी कातीच्या डोळ्याचा लावायला सांगितला आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं की फवारलेल्या शेतातला किडा खायला देऊ नका. नंतर तिने मिरचीला विहिरीजवळच्या लिंबावर सोडलं. तिथे आबा फवारत नाहीत.

पण त्या सकाळी, निघण्याआधी, मी लॅपटॉप खाटेवर ठेवून आजींना चेहरा दाखवला होता. त्या जवळ आल्या, चष्मा वर केला. मग खाटेच्या त्या टोकाला जाऊन बसल्या, परत या टोकाला आल्या.

"आठे बसनू तरी मनाकडेच, तठे बसनू तरी मनाकडेच!" त्या म्हणाल्या आणि नातीला हाताने ओढून स्वतःच्या जागेवर बसवलं. "देख, देख. आते तुनाकडे."