गल्ला कुणाच्या हातात?

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आठवणी पुष्कळ जण लिहितील. उद्योजकतेचं शिक्षण हे माझं काम. म्हणून मी एका प्रश्नापुरतंच लिहिते. धंद्यात उतरायचं, हे मुली कशावरून ठरवतात?

मानसशास्त्रज्ञ आइझेन यांनी 1991 मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार इरादा तीन गोष्टींवर ठरतो: काम करावंसं वाटतं का, जवळच्यांना ते पसंत पडेल का आणि ते आपल्याला जमेल का. मुलींचं घोडं अनेकदा तिसऱ्यावर अडतं. मानसशास्त्रज्ञ बांडुरा सांगतात की ‘जमेल’ हा विश्वास सर्वांत जास्त बळावतो स्वतः काम तडीस नेल्याने, मग आपल्यासारखं कुणी ते करताना पाहून. भाषणांचा असर त्यामानाने कमी. तेव्हा नामांकित उद्योजिकेच्या सत्काराऐवजी नुकतीच शाळा सोडून छोटा धंदा सांभाळणारी मुलगी वर्गात बोलवा. तोट्याचा महिनाही तिला सांगू द्या.

शाळेच्या विक्री-उपक्रमात कामांची वाटणी कशी होते, तेही पाहा. सजावट आणि वहीतल्या नोंदी मुलींकडे. भाव ठरवणं, अनोळखी गिऱ्हाइकाशी बोलणं आणि गल्ला मुलांकडे. अशाने मुलींना सराव होतो तो मदतनीसपणाचा! पाच-सहा जणांचे गट करून दर दोन आठवड्यांनी कामं सक्तीने बदलावीत. प्रत्येकीने एकदा तरी भाव काढावा, नकार ऐकावा, उधारी वसूल करावी. भाव काढताना कच्चा माल आणि वाहतूक धरली जाते. वाया गेलेला माल निम्म्या वेळा सुटतो आणि स्वतःचे तास तर जवळजवळ नेहमीच. मग सगळा माल खपूनही हाती काही उरत नाही, आणि चुकलेल्या हिशेबाचा दोष मुलगी स्वतःच्या कुवतीला देते. तो कागद त्याच दिवशी तिच्यासोबत पुन्हा मांडायला हवा.

पालकांना बक्षीस समारंभापेक्षा हिशेबाच्या दिवशी बोलवावं.

उपक्रमाआधी आणि नंतर ‘करावंसं वाटतं का’ आणि ‘जमेल का’ हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारून 1 ते 7 गुण घ्यावेत. नेदरलँड्समधल्या अशाच एका उपक्रमाच्या 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांचा इरादा उलट घटला होता. मला त्यात वावगं वाटत नाही. धंदा जवळून पाहिल्यावर काहींनी नको म्हणणं स्वाभाविकच. मात्र ‘जमेल’चे गुण फक्त मुलींचेच घसरले, तर आधी कामवाटपाचा तक्ता काढून पाहावा.