पहिल्या काँक्रीटच्या आधी

अणुवीज प्रकल्पाचा विषय निघाला की आपल्या सीमाभागात चर्चा लगेच ‘प्रकल्प हवा की नको’ या वळणावर जाते आणि दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या जागी ठाम बसतात. माझ्या उमेदीची वर्षे बेळगावात मुलांना स्थापत्य अभियांत्रिकी शिकवण्यात गेली, त्यामुळे असेल, पण मला त्याआधीचा एक प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. प्रकल्पाची सुरक्षा कोणी तपासली, कोणती गृहीते धरून तपासली आणि पाया खणण्यापूर्वी किती काळ आधी तपासली, हे आपण विचारतच नाही.

कर्नाटकातला कैगा अणुवीज प्रकल्प आपल्यापासून फार दूर नाही. बेळगावहून सरळ रेषेत तो सुमारे 110 किलोमीटरवर येते. खानापूर, लोंढा, रामनगर ओलांडून जोयडा तालुक्याच्या जंगलाला वळसा घातला की पुढे काळी नदीचे खोरे सुरू होते. तिथे 220 मेगावॅटच्या चार अणुभट्ट्या आहेत आणि 700 मेगावॅटच्या आणखी दोन भट्ट्यांना केंद्रीय मंत्रिमंडळाने 2017 मध्ये मंजुरी दिली. बेळगाव शहराला थेट धोका आहे असे मी म्हणणार नाही, कारण आणीबाणीच्या नियोजनाचे क्षेत्र प्रकल्पाभोवती 16 किलोमीटरचे धरले जाते. मात्र रामनगर आणि जोयड्यात आपले नातेवाईक राहतात, आणि त्या खोऱ्यातल्या पाण्याशी त्यांचा संबंध आपल्याहून जवळचा आहे.

आपल्याकडे ही छाननी अणुऊर्जा नियामक मंडळ करते. हे मंडळ 1983 मध्ये स्थापन झाले. प्रकल्पाला एकदम एकच परवानगी मिळत नाही. जागा, बांधकाम, कार्यान्वयन (चाचण्या घेत भट्टी सुरू करणे) आणि प्रत्यक्ष चालवणे यांना वेगवेगळी संमती लागते. बांधकामाच्या संमतीतही खोदकाम, पहिले काँक्रीट आणि मोठ्या यंत्रांची उभारणी असे टप्पे आहेत. प्रकल्प बांधणारे अणुवीज महामंडळ (एनपीसीआयएल) प्राथमिक सुरक्षा विश्लेषण अहवाल सादर करते, तज्ज्ञ समित्या तो प्रकरणागणिक तपासतात, प्रश्न काढतात, उत्तरे मागतात आणि मगच विषय वरच्या समितीकडे जातो. जागा निवडण्याच्या संहितेनुसार 5 किलोमीटरच्या आत हालचालीची शक्यता असलेला प्रस्तरभंग, म्हणजे खडकातली भेग, आढळला तर ती जागा बाद होते. प्रकल्पाभोवतीच्या निर्मनुष्य क्षेत्राचे किमान अंतर पूर्वी 1.6 किलोमीटर होते, 2014 च्या सुधारित संहितेत ते 1 किलोमीटरवर आले. या बदलामागची तांत्रिक कारणे सामान्य वाचकाला कळेल अशा भाषेत मांडली जायला हवीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

कागदावरची छाननी कुठे अपुरी पडते याचा धडा कैग्यातच मिळाला होता, आणि वर्गात मी तो दरवर्षी सांगत असे. 13 मे 1994 रोजी पहिल्या भट्टीच्या आतल्या घुमटाचा खालचा थर सुटून कोसळला. घुमट तेव्हा बांधून होत आला होता आणि त्यातल्या पोलादी केबलना ताण देण्याचे काम चालू होते. हा घुमट म्हणजे अपघात झालाच तर किरणोत्सार आत कोंडून ठेवणारे आवरण. तो पडला तेव्हा भट्टीत इंधन नव्हते, त्यामुळे किरणोत्साराचा प्रश्न आला नाही. मात्र कामगार जखमी झाले आणि काम थांबले.

कारण समजून घेण्यासारखे आहे. वाकलेल्या केबलला ताण दिला की ती सरळ व्हायला बघते आणि तिच्या वक्रतेमुळे काँक्रीटवर आडवा, म्हणजे जाडीच्या दिशेने, जोर येतो. जाडीतून आरपार जाणाऱ्या सळ्या पुरेशा नसतील आणि केबलच्या नळ्यांची गर्दी झाल्याने काँक्रीटचा सलग भाग कमी उरला असेल, तर वरचा आणि खालचा थर एकमेकांपासून सुटतात. प्रयोगशाळेत आम्ही 150 मिलिमीटरचे घन तयार करून, 28 दिवस पाण्यात ठेवून दाबयंत्राखाली फोडतो. असे सगळे घन उत्तम निकाल देतील आणि तरीही हा दोष दिसणार नाही, कारण घन फक्त काँक्रीटची ताकद सांगतो, आराखड्यात विसरलेला जोर सांगत नाही. थर सुटलेल्या जागी हातोडीने ठोकले की आवाज बद्द येतो, भरीव काँक्रीटचा टणक आवाज येत नाही. पण तो आवाज ऐकू येईपर्यंत घुमट बांधून झालेला असतो. पुढे आराखडा बदलला, जाडीच्या दिशेने सळ्या घातल्या, अधिक ताकदीचे काँक्रीट वापरले आणि दुसरी भट्टी पहिलीच्या आधी, मार्च 2000 मध्ये, व्यावसायिक वापरात आली. पहिलीला त्याच वर्षीचा नोव्हेंबर उजाडला. दुरुस्ती प्रामाणिकपणे झाली हे मी मान्य करतो. मला खटकते ते एवढेच की तो जोर गणितात धरण्याची योग्य वेळ ओतकामाच्या आधीची होती.

नव्या भट्ट्यांच्या बाबतीत मला सर्वांत जास्त काळजी पाण्याच्या गणिताची वाटते. काळी नदीवर वरच्या अंगाला सुपा धरण आहे, 101 मीटर उंच, सुमारे 147 टीएमसी (अब्ज घनफूट) पाण्याचे. त्याच्या खाली कोडसळ्ळी, आणि मग कैग्याच्या खालच्या बाजूला कद्रा, ज्याच्या जलाशयातून प्रकल्पाला थंड करण्याचे पाणी मिळते. म्हणजे इथे दोन उलट प्रश्न एकाच वेळी सोडवावे लागतात. वरचे धरण फुटले आणि त्या लोंढ्याने कोडसळ्ळीही गेले, तर प्रकल्पाच्या आवारात पाणी किती उंचीपर्यंत चढेल? आणि खालचे कद्रा रिकामे झाले, तर भट्टी थंड ठेवायला पाणी कुठून आणायचे? भट्टी बंद केली म्हणून तिची उष्णता लगेच संपत नाही. बंद होताच मूळ औष्णिक शक्तीच्या सहा ते सात टक्के उष्णता निर्माण होतच राहते आणि ती हळूहळू कमी होते. एवढी उष्णता काढून टाकायला पंप, पंपांना वीज आणि सतत पाणी या तिन्ही गोष्टी लागतात.

जपानच्या फुकुशिमा अणुप्रकल्पात 11 मार्च 2011 रोजी नेमके इथेच बिघडले. त्या प्रकल्पाला 1960 च्या दशकात परवानगी देताना त्सुनामीची उंची सुमारे 3.1 मीटर धरली होती, पुढे ती 5.7 मीटर झाली, आणि प्रत्यक्षात 14 ते 15 मीटरची लाट आली. समुद्रकाठची मूळची सुमारे 35 मीटर उंचीची कड छाटून आवार 10 मीटरवर आणले होते आणि डिझेल जनरेटर बहुतांशी तळघरांत होते. आवाराची पातळी किती ठेवायची हा निर्णय खोदकामाच्या वेळी होतो. इमारती उभ्या राहिल्यावर तो बदलता येत नाही.

कैग्याच्या परिसरात हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही. 2019 आणि 2021 च्या पावसाळ्यात कद्राचे दरवाजे उघडल्यावर खालच्या गावांत पाणी शिरले. अणुभट्ट्यांचे त्यात नुकसान झाले नाही, पण जलाशयातले पाणी वेळेत सोडायचे की साठवायचे हा निर्णय वीजनिर्मिती, पूरनियंत्रण आणि अणुप्रकल्प या तिन्ही गरजांच्या कात्रीत कसा सापडतो, ते तेव्हा दिसले. पूर्वीच्या पावसाच्या नोंदींवर आधारलेला महत्तम पूर, म्हणजे येऊ शकेल असा सर्वांत मोठा पूर, आजही तेवढाच धरायचा का, याचे उत्तर सुरक्षा अहवालात स्पष्ट हवे.

भूकंपाबद्दल थोडक्यात लिहितो. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा धक्का बेळगावच्या जुन्या पिढीला अजून आठवतो, आणि 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीने द्वीपकल्पाचा खडक शांत असतो हा समज मोडला. अणुप्रकल्पाच्या आराखड्यात 10,000 वर्षांत एकदा येऊ शकेल अशा तीव्रतेचा भूकंप धरतात. कैगा आणि बेळगाव दोन्ही भूकंपरोधक बांधकामाच्या संहितेतल्या तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या, क्षेत्रात येत आले आहेत. नोंदी शंभर वर्षांच्या आणि अंदाज दहा हजार वर्षांचा, ही तफावत भूवैज्ञानिक कशी भरून काढतात, हे जाहीर होण्यात कोणाचेही नुकसान नाही.

सुपा धरणात गाव गेलेल्या कुटुंबांपैकी बरीच रामनगरला वसली. माझे एक मावसभाऊ त्यांत आहेत. धरणाच्या वेळी पाण्याची खूण म्हणून दगडांवर मारलेले लाल पट्टे त्यांनी पाहिले, पण ती पातळी कोणी आणि कशी ठरवली हे त्यांना कोणी सांगितले नाही. नव्या भट्ट्यांच्या बाबतीत तसेच घडू नये, असे मला मनापासून वाटते. पर्यावरणाच्या परवानगीसाठी जनसुनावणी होते. नियामक मंडळाच्या सुरक्षा छाननीत मात्र जनसुनावणीचा टप्पा नाही, आणि पूर, भूकंप व आवरण यांचे सगळे तांत्रिक प्रश्न तर तिथेच सुटतात. तमिळनाडूतल्या कुडनकुलम अणुप्रकल्पाच्या बाबतीत केंद्रीय माहिती आयोगाने 2012 मध्ये जागेचा आणि सुरक्षेचा अहवाल उघड करण्याचा आदेश दिला आणि प्रकरण न्यायालयात गेले. संरक्षणाच्या दृष्टीने नाजूक पाने वगळून बाकी अहवाल वाचकांसमोर ठेवता येतो, असे मला वाटते. पुराची पातळी आणि भूकंपाचे गणित ही पाने तशी नाजूक नाहीत.

2006 च्या पर्यावरण अधिसूचनेत अहवालाचा सारांश इंग्रजीबरोबर राज्याच्या राजभाषेत किंवा स्थानिक भाषेत द्यावा असे म्हटले आहे. जोयडा, रामनगर आणि खानापूरच्या पट्ट्यात घराघरात मराठी आणि कोकणी बोलली जाते, तेव्हा कन्नडच्या जोडीला मराठीतही सारांश मागण्यात काही वावगे नाही. त्या सारांशात आवाराची समुद्रसपाटीपासूनची उंची, सुपा फुटल्यास येणाऱ्या पाण्याची उंची, कद्रा रिकामे झाल्यास किती दिवसांचे पाणी आवारात साठवलेले असेल, आणि घुमटाच्या आराखड्यात 1994 नंतर काय बदलले, एवढे चार आकडे आणि खुलासे असावेत. खानापूर आणि रामनगरच्या ज्या ओळखीच्या अभियंत्यांना हे वाचून तपासायची तयारी आहे, त्यांनी मला कळवावे. माहिती अधिकाराच्या अर्जाचा मसुदा मी मराठी आणि इंग्रजीत तयार करत आहे.