ट्विनचार्ज मिनी, नोंद सहावी: रुसलेला टर्बो

मंडळी, तीन महिने इथे काही लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं. गाडी चालत होती, टर्बो फिरत होता, छान शिट्टीही मारत होता. फक्त काम करत नव्हता. गेल्या शनिवारी कारण सापडलं. ते इतकं फालतू निघालं की आधी लपवावंसं वाटलं, पण पुढच्या कोणाचे तरी तीन महिने वाचतील म्हणून सांगतोय.

नव्याने आलेल्यांसाठी: गाडी २००४ ची मिनी कूपर एस, म्हणजे आर-५३. इंजिन १,५९८ सीसी, कॉम्प्रेशन ८.३, ईटनचा एम-४५ सुपरचार्जर (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंप, पुढे त्यालाच ब्लोअर म्हणतोय) कारखान्यातूनच आलेला. इंजिन ब्राझीलमध्ये बनलं, गाडी ऑक्सफर्डजवळ काउलीत जुळली, आणि सध्या ती बर्मिंगहॅममधल्या माझ्या भाड्याच्या गॅरेजात उभी आहे, जिथे बॉनेट उघडायचं तर आधी सायकल बाहेर काढावी लागते. बेत असा: ब्लोअर आहे तिथेच ठेवायचा आणि त्याच्या आधी एक छोटा टर्बो जोडायचा. हवा टर्बोतून ब्लोअरमध्ये, तिथून हवा थंड करणारा इंटरकूलर, मग इंजिन. टर्बोसाठी लागणारी फ्लँज, म्हणजे जोडाची चकती, कोल्हापुरात उद्यमनगरात मामाच्या लेथवर झाली. ती हातात देताना मामा एवढंच म्हणाला, "एका चुलीला दोन फुंकण्या कशाला रे?"

प्रश्न रास्त आहे. ब्लोअर पट्ट्यावर चालतो, म्हणून पाय दाबला की लगेच हवा देतो, पण त्यासाठी इंजिनचीच ताकद खातो. टर्बो धुरावर जगतो, पण धूर पुरेसा होईपर्यंत बसून राहतो. इटलीच्या लान्चियाने १९८५ साली डेल्टा एस-४ या रॅलीच्या गाडीत दोन्ही एकत्र आणले. तिचं इंजिन होतं १,७५९ सीसीचं. दाबाने हवा भरणाऱ्या इंजिनाच्या सीसीला तेव्हा रॅलीच्या नियमाने १.४ ने गुणत, म्हणजे हिशेब २,४६३ सीसीच्या आत बसायचा आणि गाडी अडीच लिटरखालच्या हलक्या गटात राहायची. त्या वर्षीच्या आरएसी रॅलीत ती पहिल्यांदा उतरली आणि हेन्री टोइव्होनेनने ती जिंकली. पुढच्या मे महिन्यात कोर्सिकात तो आणि त्याचा सहचालक तसल्याच गाडीत अपघातात गेले. त्या गाडीचा फोटो माझ्या गॅरेजात लावलाय, पण गाडी सुरू करताना त्याच्याकडे बघायला नको वाटतं.

आता खूप जणांनी विचारलेला प्रश्न: ब्लोअरला क्लच लावून वरच्या आरपीएमला तो बंद का करत नाही? फोक्सवॅगनने १.४ टीएसआयमध्ये तेच केलं होतं. तिथे मॅग्नेटिक क्लच पाण्याच्या पंपाच्या पुलीतच बसवलाय, ब्लोअर २,४०० आरपीएमपर्यंत कायम चालू, ३,५०० पर्यंत गरजेप्रमाणे, आणि त्यानंतर सगळं टर्बोवर. आर-५३ मध्ये नेमकं उलट आहे. पाण्याचा पंप ब्लोअरच्या मागच्या टोकाला गिअरने जोडलेला असतो. ब्लोअर थांबला की पाणी थांबलं, आणि पाणी थांबलं की हेड गॅस्केटला नमस्कार. त्यामुळे इथे ब्लोअर मरेपर्यंत फिरणार, हे धरूनच चालायचं. (आर-५३ वाल्यांनो, गाडीचं नाक पुढे सरकवून ब्लोअर काढलाच असेल, तर दोन्ही टोकांचं तेल बदला. पंपाकडच्या टोकात वीस वर्षांनी नावापुरतंच उरलेलं असतं.)

मग मी म्हटलं, निदान बायपास तरी करू. ब्लोअरला वळसा घालणारी नळी आणि तिच्यात एकाच दिशेने उघडणारी झडप. टर्बोचा दाब वाढला की ती आपोआप उघडेल, अशी माझी समजूत. महिनाभर वेल्डिंग केलं. झडप एकदाही उघडली नाही, आणि उघडणारही नव्हती. एम-४५ एका फेऱ्यात ०.७४ लिटर हवा ढकलतो आणि क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, साधारण दुप्पट वेगाने फिरतो, म्हणजे क्रँकच्या एका फेऱ्याला जवळपास दीड लिटर. इंजिन त्याच फेऱ्यात ०.८ लिटर घेतं. म्हणजे ब्लोअरच्या पुढचा दाब मागच्यापेक्षा कायम जास्तच राहणार, टर्बो कितीही फुंको. झडप उघडणार कुणाच्या जोरावर? हा गुणाकार कागदावर करायला चार मिनिटं लागतात, मी तो वेल्डिंगनंतर केला.

बायपास रद्द. आता सरळ गुणाकाराची पद्धत. दोन यंत्रं एकामागोमाग असली की दाबांची बेरीज होत नाही, गुणोत्तरांचा (यंत्र हवेचा दाब किती पट करतं त्याचा) गुणाकार होतो. ब्लोअरचं १.६५ आणि टर्बोचं १.३, म्हणजे २.१५, बाहेरच्या हवेचा एक बार वगळून गेजवर १.१५ बार. म्हणूनच मी १५ टक्के लहान पुली काढून पुन्हा मूळची बसवली. टर्बोकडून मोठी अपेक्षाच नाही, ०.३ बार दिले तरी पुरे.

आणि तेवढेही मिळेनात. गेज जेमतेम ०.६५ ला अडकायचा, म्हणजे टर्बो नसताना जेवढा असायचा तेवढाच. लीक शोधले, एक्झॉस्टचे जोड साबणाच्या पाण्याने तपासले, टर्बोचा शाफ्ट हलवून पाहिला. एका ओळखीच्या ट्यूनरने नवा टर्बो घ्यायला सांगितलं आणि मी जवळजवळ घेतलाही होता.

शनिवारी चहा घेत इंजिनकडे नुसता बघत बसलो होतो, तेव्हा वेस्टगेटची बारीक नळी दिसली. (वेस्टगेट म्हणजे टर्बोचा दाब पुरेसा झाला की धूर टर्बाइनला, म्हणजे टर्बोच्या धुरावर फिरणाऱ्या चाकाला, न लावता बाहेर सोडणारी झडप. दाब झाल्याचं तिला या नळीतून कळतं.) ती नळी मी इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे ब्लोअरच्या पुढे इंजिनात हवा वाटणाऱ्या भागाला, जोडली होती, कारण नुसत्या टर्बोच्या गाड्यांवर तशी जोडलेली पाहिली होती. माझ्या वेस्टगेटची स्प्रिंग ०.३ बारची. मॅनिफोल्डमध्ये तेवढा दाब एकटा ब्लोअरच ३,००० आरपीएमच्या आत करतो. म्हणजे टर्बोने काही करण्याआधीच वेस्टगेटला निरोप जायचा की झालं काम, उघड. सगळा धूर टर्बाइनला वळसा घालून बाहेर! एकीने फुंकलं, दुसरीला वाटलं आपलंच फुंकून झालं. नळी टर्बोच्या तोंडाशी, ब्लोअरच्या आधी जोडली. वीस सेंटिमीटर रबर आणि दोन क्लिपा.

त्या संध्याकाळी ३,५०० च्या पुढे गेज ०.६५ पार करून गेला आणि ५,५०० ला १.१ दिसला. खालचा जोर होता तसाच आहे, वरचा मात्र आता संपत नाही. ताकद मोजणाऱ्या डायनोवर गाडी अजून नेलेली नाही, म्हणून हॉर्सपॉवरचे आकडे विचारू नका, छातीठोक खोटं सांगावं लागेल.

नवी डोकेदुखी आहे उष्णतेची. बाहेर २० अंश असताना एकटा ब्लोअर १.६५ ला हवा साधारण १०० अंशांवर नेतो, कारण रूट्स जातीचं यंत्र हवा दाबण्यात कच्चंच. टर्बो आधी ती ५० च्या पुढे नेऊन हातात देतो, मग ब्लोअरनंतर हिशेब १४० च्या वर जातो. वरचा मूळचा इंटरकूलर त्यापुढे हात टेकतो. तिसऱ्या जोरदार खेचण्यात इग्निशन (ठिणगीची वेळ) मागे सरकताना लॉगमध्ये स्पष्ट दिसतंय. टर्बो आणि ब्लोअरच्या मध्ये पाण्यावरचा छोटा कूलर बसवून हवा ३० वर आणली तर शेवटचा आकडा ११५ च्या आसपास येईल. जागा मोजली, बंपरमागे सेंटिमीटरभर कमी पडतेय.

दुसरं, पट्टा. ब्लोअरला आता आधीच दाबलेली हवा ढकलायची असते, त्यामुळे त्याच्यावरचा भार सुमारे ३० टक्क्यांनी वाढलाय. पुलीभोवती काळी पूड दिसायला लागली आहे.

पुण्याहून दोघांनी विचारलंय की हे तिथे करता येईल का. करता येईल, पण गाडीत बदल करण्याबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचून मग टर्बो घ्या. इथे ब्रिटनमध्येही मोकळं रान नाही. विमावाल्यांना प्रत्येक बदल कळवावा लागतो आणि हप्ता ऐकून बसावं लागतं. एमओटीत, म्हणजे गाडीच्या वार्षिक तपासणीत, धूर तपासतात, म्हणून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मी जागेवरच ठेवलाय.

पुढच्या शनिवारी नवा पट्टा आणि टेन्शनर. आर-५३ च्या बंपरमागे बसेल असा बारीक कूलर कुणी पाहिला असेल तर माप कळवा, रुंदी चालेल, जाडी सहा सेंटिमीटरच्या आत हवी.