साक्रीच्या ताटातलं हाड

तुळशीच्या लग्नानंतर पाच दिवस खानदेशात होतो. चार दिवस लग्नघर, शेवभाजी आणि नातेवाइकांच्या पंगतीत गेले. लिहायचं आहे ते पाचव्या दिवसाबद्दल.

सातवीतल्या भाच्याला घेऊन एका शहरात डायनोसॉरचं प्रदर्शन बघायला गेलो. गर्दी आणि कर्कश स्पीकर सोसले. पण ‘पक्ष्यासारख्या कमरेचे शाकाहारी’ या पाटीखाली लांब मानेचा सॉरोपॉड उभा केलेला बघून तळपायाची आग मस्तकाला गेली. पोरं ती पाटी वहीत उतरवून घेत होती!

पाला खाणं ही खूणच नव्हे. ब्रिटिश जीवाश्मशास्त्रज्ञ हॅरी सीली यांनी १८८७ साली डायनोसॉरांचे दोन गट पाडले ते कमरेच्या हाडांवरून. सॉरोपॉड पाला खायचे, तरी कंबर सरड्याच्या धाटणीची. दुसरा गट ऑर्निथिस्किया, म्हणजे पक्ष्यासारख्या कमरेचे. त्यांचं जघनास्थी, म्हणजे कमरेतलं खालचं हाड, मागं वळलेलं, आणि खालच्या जबड्याच्या टोकाला चोचीला आधार देणारं एक जादा हाड. एवढ्या खुणेवर किती तऱ्हा! पाठीवर तगटं मिरवणारा स्टेगोसॉरस आणि चिलखती अँकायलोसॉरस एका घरातले. शिंगांचा ट्रायसेराटॉप्स आणि जाड कवटीचे पॅकिसेफॅलोसॉर दुसऱ्या. तिसऱ्यात इग्वानोडॉन आणि बदकासारख्या तोंडाचे हॅड्रोसॉर. हॅड्रोसॉरांच्या जबड्यात शेकडो दात एकमेकांना चिकटून रचलेले. झिजले की खालून नवे वर.

संध्याकाळी ताईच्या सासरी, साक्रीकडं निघालो. धुळे सोडलं की शिवारातून काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती दिसतात. कुणी बांधलेल्या नाहीत त्या. जमिनीच्या भेगांत लाव्हा शिरून तिथंच थिजला. या डाइक मला कुठल्याही किल्ल्याहून जास्त आवडतात.

रात्री गावरान कोंबडी, कळण्याची भाकरी. माझ्या वाटणीला कमरेचा तुकडा आला, नशिबानं बराचसा अखंड. रस्सा पुसून दिव्याखाली धरला. मांडीचं हाड बसतं तिथं आरपार भोक. भोकाखालून काडीसारखं एक बारीक हाड निघून थेट शेपटीकडं गेलेलं. हेच ते मागं वळलेलं जघनास्थी!

“भाऊ, जेवा ना. हाडकं काय देखी राहिनात?” ताईच्या सासूबाई म्हणाल्या. भाचा मात्र ताट सोडून जवळ सरकला.

“मग मामा, कोंबडी ट्रायसेराटॉप्सच्या घरातली?”

नाही. इथंच नाव चकवतं. पक्षी आले ते सरड्याच्या कमरेच्या गटातून, टी-रेक्सच्या भाऊबंदांतून. त्यांचं हाड नंतर वेगळं मागं वळलं. सीलींची वाटणीही निर्विवाद राहिलेली नाही. २०१७ साली तिघा संशोधकांनी ऑर्निथिस्किया आणि टी-रेक्सचं घराणं एकत्र बांधायचा प्रस्ताव मांडला, त्यावर वाद चालूच आहे.

“मग आपल्याकडं कोणते होते?”

भारतात ऑर्निथिस्कियांची हाडं फारच तुरळक. सापडतात ते मुख्यतः लांब मानेचेच. सातपुडा आणि नर्मदा ओलांडली की धार जिल्हा. तिथं त्यांची ९२ घरटी आणि २५६ अंडी मिळाल्याचं २०२३ साली जाहीर झालं. म्हणजे चुकीच्या पाटीखाली उभा होता तो आपल्याच मुलखाचा प्राणी.

भाच्यानं उठून दप्तर आणलं, वहीतली ती ओळ खोडली आणि हाड धुऊन कंपासपेटीत ठेवलं.