आमचे फोटो आणि नावं काढा

मी ऑनलाइन कॅम्पेनचं काम करते. पिटिशन लिहायची, फोटो-व्हिडिओ लावायचे, सह्या गोळा करायच्या. त्या वर्षी आम्ही काही स्वयंसेवकांसाठी कॅम्पेन चालवत होतो, युद्ध चालू असलेल्या भागात ढिगाऱ्याखालून माणसं बाहेर काढणारे साधे लोक, कोणी सुतार, कोणी शाळेत शिकवणारी, कोणी टॅक्सी चालवणारा. त्यांना नोबेल शांतता पुरस्कार मिळावा ही मागणी. देशाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, का ते पुढे कळेलच.

बऱ्याच लोकांना वाटतं की भरपूर सह्या झाल्या की नामांकन झालं. तसं नसतं. नामांकन फक्त ठराविक लोकांनाच देता येतं, खासदार, मंत्री, इतिहास, कायदा, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान असले विषय शिकवणारे प्राध्यापक, विद्यापीठांचे प्रमुख, आधीचे विजेते वगैरे, आणि स्वतःच स्वतःचं नाव पाठवलं तर ते धरतच नाहीत. मुदत ३१ जानेवारी. मग सह्या कशाला? तर त्या गर्दीतून अशा एखाद्या माणसापर्यंत विषय पोचावा म्हणून. आमच्या बाबतीत तसंच झालं, सही केलेल्या कायद्याच्या एका प्राध्यापिकेने स्वतःहून मेल केला की मी नामांकन देते, मला माहिती पाठवा.

शेवटच्या दिवशी दुपारी मॅडमचा मसुदा फायनल होत आला होता आणि मी पेज शेअर करायच्या गडबडीत होते. तेवढ्यात त्या स्वयंसेवकांकडून व्हॉइस नोट आली. मागे जनरेटरचा आवाज, माणूस थांबून थांबून बोलत होता. त्यांच्या भागाचा ताबा बदलला होता आणि नव्या लोकांनी घरोघर चौकशी सुरू केली होती. आमचे फोटो आणि नावं काढा, आज, आत्ता. एवढंच. आभार मानले आणि नोट संपली.

मी लगेच काढायला घेतलं. पेजवरचे फोटो दोन मिनिटांत गेले पण खरं काम त्यानंतरचं, कारण व्हॉट्सअॅपवर लिंक टाकली की जुनाच फोटो दिसत होता, सह्या करणाऱ्यांनी कमेंटमध्ये कौतुकाने नावं लिहिली होती ती एकेक शोधून उडवायची, शिक्षिकेचा व्हिडिओ दुसऱ्यांनी उचलून आपापल्या पानांवर टाकला होता त्या सगळ्यांना मेसेज करायचे. मूळ फोटोंच्या फाइलमध्ये कुठे काढला ती जागासुद्धा नोंदलेली असू शकते, म्हणून ज्यांना आम्ही मूळ फाइल दिल्या होत्या त्यांना फोनच केले. बहुतेकांनी एका शब्दावर काढलं. एकाने मात्र हुज्जत घातली, त्याचं म्हणणं की चेहरा नसेल तर कोण शेअर करणार. त्याचं चूक नव्हतं. २०१६ साली ग्रीसच्या लेसबॉस बेटावरच्या लोकांसाठी केवढी मोठी ऑनलाइन मोहीम झाली, त्यामागे निर्वासित बाळाला बाटलीने दूध पाजणाऱ्या आज्यांचा तो फोटो होताच. पण त्या आज्यांच्या दारात बंदूक घेऊन कोणी येणार नव्हतं, हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्याने काढला.

संध्याकाळी मॅडमना फोन केला. मला वाटत होतं आता नामांकनही थांबवावं लागणार, कारण त्यात तर उमेदवाराचं नाव लागतंच, निनावी कसं पाठवणार. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "अगं, उलट आहे. नावांसाठी सगळ्यात सुरक्षित जागा तीच आहे." नोबेल समिती नामांकनं ५० वर्षं गुप्त ठेवते, कोणी कोणाचं नाव दिलं ते समिती सांगत नाही. बाहेर जे काय फुटतं ते एक तर नुसता अंदाज असतो, नाहीतर नामांकन देणाऱ्या बाजूनेच सांगितलेलं असतं, आणि मॅडम गप्प राहणार होत्या. मी कॅम्पेनच्या सवयीने फक्त उघड बाजूचा विचार करत होते, त्यांच्या त्या एका वाक्याने मला एवढं हलकं वाटलं की काय सांगू.

तरी विचारल्याशिवाय पाठवायचं नाही असं आमचं ठरलं. मी स्वयंसेवकांना लिहिलं की पेजवर काही राहणार नाही, अर्जात फक्त संघटनेचं नाव जाईल, कोणा एकाचं नाही, चालेल का? संघटनेलाही पुरस्कार देता येतो, त्यामुळे अडचण नव्हती. उत्तर यायला खूप वेळ लागला, तोपर्यंत मॅडम फॉर्म उघडून बसल्या होत्या. उत्तरात होकार होता आणि एक दुरुस्ती. आम्ही वाचवलेल्यांचा जो आकडा लिहिला होता त्यात जे हॉस्पिटलला पोचेपर्यंत गेले तेही धरले होते, ते वगळा म्हणाले. जीव मुठीत धरून बसलेली माणसं आपल्या कौतुकातला आकडा कमी करायला सांगत होती! मॅडमनी तो बदलला आणि मुदतीच्या आत अर्ज गेला.

ऑक्टोबरमध्ये पुरस्कार दुसऱ्यांना मिळाला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पिटिशन अजून आहे, त्यात फक्त काम लिहिलंय, ढिगारा कसा उपसतात, आत अडकलेल्याशी कसं बोलत राहतात ते. शेअर कमी होतं हे खरंय. नामांकन त्या त्या वर्षापुरतंच असतं, दरवर्षी नव्याने द्यावं लागतं, म्हणून मॅडमनी पुढच्या वेळची तयारी आधीच सुरू केलीय. डिसेंबरमध्ये मी परत त्या स्वयंसेवकांना विचारणार आहे, आणि या वेळी नाही म्हणाले तर नाही.