टोटलपैसे

जुलैतला शुक्रवार होता, सकाळपासून धो धो पाऊस, सेंट्रल लाइन रडतखडत चाललेली, आणि दुपारी आयोजकांचा निरोप आला की रात्रीचा प्रयोग रद्द. आमचं काम नाटकांच्या ऑनलाइन तिकिटांचं, अंधेरीत ऑफिस, त्यामुळे प्रयोग रद्द म्हणजे आम्ही रिफंड सोडायचे. सोडले. सगळे सक्सेस, एकही एरर नाही.

वीस मिनिटांत सपोर्टवाल्यांनी एक फोन थेट मला दिला. दादरच्या काकू होत्या. "अहो, तीन तिकिटांचे बाराशे भरलेत मी, आणि मेसेज आलाय बारा रुपये परत केले म्हणून. बाकीचे कापून घेतलेत का?"

पोटात गोळाच आला. कोड उघडला तर कारण समोर होतं आणि ते मीच लिहिलेलं होतं. दोन वर्षांपूर्वी मी एका व्हेरिएबलला, म्हणजे कोडमध्ये आकडा ठेवायच्या जागेला, नाव दिलं होतं टोटलपैसे. माझ्या डोक्यात पैसे म्हणजे पैसे, आपण नाही का विचारत भाजीवाल्याला, किती पैसे झाले, आणि तो सांगतो साठ रुपये. आत आकडा रुपयातच होता. पेमेंट गेटवेला, म्हणजे ऑनलाइन पैसे घेणाऱ्या-परत करणाऱ्या सेवेला, रक्कम पैशात लागते, रुपयाचे शंभर, म्हणून पुढच्या ओळीत मी शंभरने गुणलं होतं. आता टीममध्ये नवीन आलेला मुलगा चेन्नईचा, त्याने रिफंडचा कोड साफ करताना वाचलं की पैसे आहेत आणि पुन्हा गुणिले शंभर, त्याला वाटलं हा बग आहे, काढून टाकला. त्याने बरोबरच वाचलं होतं. त्याने केलेला बदल तपासला मी आणि मीच अप्रूव्ह केला, कारण मला ते नाव खटकणारच नव्हतं. गेटवेला तर अर्धवट रिफंडही चालतो, तो कशाला अडवेल.

सगळ्यांची उरलेली रक्कम पाचपर्यंत गेली, काकूंचे अकराशे अठ्ठ्याऐंशी मी स्वतः चेक केले आणि त्यांना फोन करून सांगितलं.

मग सगळे मीटिंग रूममध्ये बसलो, नावांचे नियम ठरवायला. पहिला पाऊण तास कॅमलकेस (शब्द जोडून, पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल) की स्नेककेस (शब्दांमध्ये अंडरस्कोर) यातच गेला. बॅकएंड, म्हणजे सर्व्हरवरचा कोड, पायथनमध्ये, तिथे पेप ८ ही पायथनची लेखन-नियमावली सांगते की अशी नावं लहान अक्षरांत आणि मध्ये अंडरस्कोर, फ्रंटएंडवाले, म्हणजे स्क्रीनवर दिसणारा भाग करणारे, जावास्क्रिप्टचे, त्यांना कॅमलकेसची सवय. शेवटी आमची लीड म्हणाली, ज्याच्या भाषेत जे चालतं ते ठेवा, आजचा घोळ अंडरस्कोरने थांबला नसता. तिने १९९९ चं नासाचं यान मार्स क्लायमेट ऑर्बिटर सांगितलं, एका सॉफ्टवेअरने आकडा पाउंड-सेकंदात दिला, दुसऱ्याने न्यूटन-सेकंद समजून घेतला आणि यान मंगळाजवळ गेलं ते गेलंच. तेव्हा ठरलं, एकक नावातच लिहायचं. नुसतं पैसे कुठेच नाही, अमाउंट_रुपीज किंवा अमाउंट_पैसा_युनिट्स. टाइमआउट, म्हणजे किती वेळ वाट बघायची ते, असेल तर टाइमआउट_एमएस, एमएस म्हणजे मिलिसेकंद.

पण मला सगळ्यात आवडलं ते नंतरचं. फ्रंटएंडची मुलगी म्हणाली, आपल्याकडे प्ले म्हणजे नाटक पण आणि ट्रेलरचं बटण पण, शो म्हणजे प्रयोग पण आणि पॉपअप दाखवणं पण, मी रोज अडखळते. खरंच होतं, आम्ही इतके दिवस ते सहन करत होतो. मी म्हटलं मग सरळ नाटक आणि प्रयोग लिहू या कोडमध्ये. दुपारीच मराठी शब्दाने आपटलेला माणूस हे बोलतोय म्हणून एक-दोघांनी भुवया उंचावल्या, पण इथे अर्थ एकच आहे, नाटक एक, त्याचे प्रयोग अनेक, तिकीट प्रयोगाचं असतं नाटकाचं नाही. इंग्रजी नावांत हेच सारखं निसटत होतं. स्पेलिंग आणि अर्थ एका फाइलमध्ये लिहून ठेवायचे ठरले, आणि ती फाइल चेन्नईच्या मुलाने लिहायची, म्हणजे त्याला जे कळणार नाही ते तिथल्या तिथे विचारून होईल.

साडेआठला निघताना तो अजून बसलेला. मला थांबवून म्हणाला, प्रयोग रद्द आणि प्रयोग पुढे ढकलला, दोन्हीला कॅन्सल्ड लिहिलंय, पण पुढे ढकलला तर तिकीट चालतं ना? मी बॅग परत खाली ठेवली.