विहिरीत शिकलेलं पोहणं मालवणच्या पाण्यात: कयाक आणि स्नॉर्कलिंगचा माझा अनुभव

आपल्याकडे पोहायला शिकायचं म्हणजे विहीर. पाठीला रिकामा डबा नाहीतर वाळलेला भोपळा बांधायचा, वरून कुणीतरी ढकलायचं, आणि दोन उन्हाळ्यांत पोरगं मुटके मारायला लागतं. आम्ही आठ जण डिसेंबरात जळगावहून मालवणला गेलो. त्यातले पाच असे विहिरीत तयार झालेले आणि तिघं पाण्याला हात न लावलेले. स्नॉर्कलिंगमध्ये, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर पालथं तरंगत खाली बघण्यात, आधी रुळले ते न पोहणारे तिघं. ते असं का झालं, ते लिहितो, म्हणजे खानदेशातून जाणाऱ्यांचा पहिला अर्धा तास तरी वाया जाणार नाही.

विहिरीत आपण मान वर ठेवून पोहतो. तोंडात पाणी जाऊ द्यायचं नाही, हा पहिला धडा. पाय सायकल मारल्यासारखे खाली चालतात. स्नॉर्कलिंगला यातलं सगळं उलटं लागतं: तोंड पाण्यात, मान सैल, पाय मागे सरळ आणि श्वास फक्त तोंडाने. न पोहणाऱ्याला मोडायची सवयच नसते. त्याला लाइफ जॅकेट घालून तरंगणारी ट्यूब धरायला दिली की तो सांगितलं तेवढंच करतो. शिवाय समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, म्हणून ते गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्क्यांनी जड. सत्तर किलोच्या माणसाला विहिरीपेक्षा जवळपास पावणेदोन किलोचा जादा आधार मिळतो. तिथे हातपाय मारून वर राहायची गरजच नसते, आणि नेमकं हेच विहीरवाल्याला पटत नाही.

तारीख ठरवताना आधी कॅलेंडरातली तिथी पाहिली. किनाऱ्यावरचा जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि दुपारी बाराच्या आसपास ओहोटीचा तळ. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण दिवस आखायला पुरतं. पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं. पाणी जोरात आत-बाहेर करतं, तळाची वाळू उठते आणि मास्कमधून नुसता ताकासारखा पांढुरका रंग दिसतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, ओढ कमी आणि पाणी नितळ. आम्ही अष्टमी धरली. पावसाळ्यात, म्हणजे मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत, हे खेळ बंदच असतात. ऑक्टोबरात पाणी अजून गढूळ असू शकतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

जळगावहून रस्त्याने गेलात तर साडेसातशे-आठशे किलोमीटर होतात. रेल्वेने मंगला एक्सप्रेस भुसावळ-जळगाववरून थेट कोकण रेल्वेवर जाते. मालवणला रेल्वे नाही, कुडाळ किंवा कणकवलीला उतरून पुढे रस्ता, त्यामुळे थांबे बघूनच तिकीट काढा. रात्रभर प्रवास करून सकाळी थेट पाण्यात उतरू नका. आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचून झोप काढा. अपुरी झोप, रिकामं पोट आणि डुलणारी होडी एकत्र आली की उलटी ठरलेली. तेलकट पोटाचंही तेच. डब्यातली शेवभाजी परतीच्या प्रवासासाठी राखून ठेवली आणि सकाळी दोन घावणे नि यावलची केळी एवढंच खाल्लं. गाडीत ज्यांना उलटी होते त्यांनी गोळीचं डॉक्टरांना आधी विचारून ठेवावं, आणि ती होडीत बसायच्या तासभर आधी घ्यावी. मळमळायला लागल्यावर घेतलेली गोळी बाहेरच पडते.

बुकिंग करताना पैशांआधी चार गोष्टी विचारल्या. एका गाइडमागे पाण्यात किती माणसं? प्रत्यक्ष पाण्यात किती मिनिटं मिळणार? होडीला शिडी आहे का? चष्म्याच्या नंबरचे मास्क आहेत का? दुसऱ्या प्रश्नाला बऱ्याच ठिकाणी गोलमोल उत्तर मिळतं, कारण स्वस्त पॅकेजमध्ये पंधरा मिनिटांत माणूस बाहेर काढतात. पंधरा मिनिटं तर श्वास लयीत यायलाच जातात. आम्ही चाळीस मिनिटं आणि चार जणांमागे एक गाइड असं ठरवून घेतलं.

सकाळी पावणेसातला देवबाग. हे गाव म्हणजे एक लांब चिंचोळी पट्टी आहे, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी. कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या छोट्या अरुंद होड्या, खाडीच्या बाजूने उतरवल्या. सिट-ऑन-टॉप, म्हणजे वर उघड्यावर बसायच्या, दोन माणसांच्या. बसायच्या आधी मागच्या टोकाचं बूच हाताने घट्ट करून पाहायचं. ते सैल असेल तर पोकळ अंगात पाणी भरत जातं, कयाक हळूहळू जड होते, डुलायला लागते आणि कारण कळत नाही. बैठकीजवळच्या भोकांतून मात्र थोडं पाणी वर येतंच. ती भोकं पाणी निघून जाण्यासाठीच असतात. आमच्यातल्या एकाने ती बोटाने दाबून धरली होती. गरज नाही.

जड माणूस मागे, हलका पुढे. पुढचा ताल धरतो, मागचा त्याच्या वल्ह्याबरोबर वल्हं टाकतो आणि दिशा सांभाळतो. दोघांनी आपापल्या मनाने मारलं की वल्ही एकमेकांवर आपटतात आणि लगेच भांडणं सुरू होतात. वल्ह्याची खोलगट बाजू आपल्याकडे, पात्याची लांब कड वर. वल्हं डोक्यावर धरून कोपर काटकोनात आले की हाताची पकड बरोबर. पातं पायाच्या घोट्याजवळ पाण्यात घालायचं आणि कमरेपाशी बाहेर काढायचं. त्यापलीकडे ओढलं तर कयाक फक्त वळते. हाताने ओढू नका, पोटापासून अंग फिरवा. दंड वीस मिनिटांत भरून येतात, पाठीच्या मोठ्या स्नायूंवर दोन तास निघतात. मोटरबोटीची लाट आली की नाक तिच्याकडे करायचं आणि वल्हवत राहायचं. लाट बाजूने घेतली आणि वल्हं मांडीवर ठेवून बसलात की उलटलात.

उलटल्यावर काय करायचं, हे कमरेएवढ्या पाण्यात मुद्दाम उलटून शिकवतात. गाइड तसं करत नसेल तर आग्रहाने करून घ्या. कयाक सरळ करायची, मधोमध पकडायची, पाय मागे पाण्याच्या पृष्ठभागावर आणून जोरात मारायचे, पोट कयाकवर आडवं टाकायचं, मग कूस बदलून बूड बैठकीत आणि शेवटी पाय. विहिरीच्या काठावर चढायच्या सवयीने आपण हाताच्या जोरावर स्वतःला वर उचलायला जातो, आणि त्याने कयाक अंगावर येते. आमचा एक धट्टाकट्टा गडी तीनदा तसाच पडला. गाइडचं एकच पालुपद, "दमान घेवा, काका."

भरती नुकतीच संपली होती, म्हणून आधी खाडीत वर, कांदळवनाच्या कडेने गेलो आणि वाढत्या ओहोटीबरोबर खाली आलो. क्रम हाच ठेवा. ओहोटीबरोबर आधी मुखाकडे गेलात तर दमलेल्या हातांनी प्रवाहाविरुद्ध परतावं लागतं. मुखाशी, जिथे कर्ली समुद्राला मिळते, तिथे कयाक घेऊन जायचंच नाही. बाहेर जाणारं पाणी आणि समोरून येणारा समुद्रावरचा वारा भिडले की लाटा आखूड आणि उभ्या होतात. वारा साधारण अकरानंतर जोर धरतो. नऊच्या सुमारास खाडीतल्या वाळूच्या बेटावर थांबलो, त्याला सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात. 2004 च्या त्सुनामीनंतर ते वर आल्याचं स्थानिक सांगतात. पाणी ओसरल्यावर उघडं पडलेलं वाळूचं बेट, बाकी खेळांची गर्दी. पाणी प्यायलो आणि निघालो.

साडेदहाला मालवणहून होडीने सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांपाशी. किल्ला कुरटे बेटावर आहे. 1664 साली शिवाजी महाराजांनी बांधायला घेतला. आजूबाजूचा समुद्र 1987 पासून मालवण सागरी अभयारण्य आहे. खडकांवर कठीण प्रवाळ आहेत आणि ते वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत येतात, म्हणजे वाघाच्या रांगेत. त्यावर उभं राहणं, तुकडा तोडणं, दोन्ही नाही. तसंही खडकांच्या फटींत काळ्या लांब काट्यांचे अर्चिन नावाचे गोल समुद्री जीव बसलेले असतात. पाय टेकलात तर तळव्यात काटा मोडतो.

आता मास्क, कारण निम्मी तक्रार त्याचीच असते. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर ठेवा आणि नाकाने हलका श्वास आत ओढा. हात सोडल्यावर मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर. पडला तर दुसरा मागा. पट्टा आवळून गळती थांबत नाही, उलट सिलिकॉनची कड दुमडून वाढते. आमच्याकडे गळती झाली ती मिशीवाल्यांना. मिशीचा एकेक केस कडेखाली बारीक नळीसारखं काम करतो. नाकाखाली व्हॅसलिनचा जाड थर लावला की बरंच थांबतं. एकाने तिथेच रेझर मागितला, पण घरी काय सांगायचं म्हणून बेत रद्द केला. कपाळावरचे केस, टोपीची कड, सगळं बाहेर हवं. धुक्यासाठी काचेला आतून थुंकी किंवा बेबी शाम्पूचा एक थेंब चोळून एकदाच खळखळवायचं. थोडं पाणी शिरलंच तर पाण्याबाहेर मान काढून खालची कड किंचित उचला, निघून जातं.

नळीचा रबरी भाग दातांच्या आणि ओठांच्या मध्ये, दातांनी फक्त दोन बारीक गाठी धरायच्या. करकचून चावलं तर दहा मिनिटांत जबडा दुखतो. श्वास लांब आणि सावकाश. उथळ, भराभर घेतला तर नळीतलीच वापरलेली हवा परत आत येते आणि गुदमरल्यासारखं वाटतं. घाबरून मास्क उपटणारे बहुतेक जण इथेच फसतात. नळीत पाणी गेलं तर "थू" म्हणावं तशी एक जोरकस फुंकर. त्यासाठी छातीत हवा शिल्लक हवी, म्हणून पूर्ण श्वास कधीच सोडायचा नाही. हे सगळं आम्ही जळगावच्या तरणतलावात दोन संध्याकाळ करून गेलो होतो. शेततळ्यात मात्र हा सराव करू नका. प्लास्टिकचा कागद शेवाळाने निसरडा होतो आणि चांगला पोहणाराही वर येऊ शकत नाही.

लाइफ जॅकेट घातल्यावर दुसऱ्याने खांदे धरून वर ओढावं. ते कानापर्यंत आलं तर पट्टे सैल आहेत.

पाण्यात उतरल्यावर पहिली दोन मिनिटं शिडी धरून फक्त श्वास घेतला. मग गाइडने ट्यूबला धरून नेलं. दोन-अडीच मीटरवर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे सार्जंट मेजर मासे अंगाभोवती जमतात. ते जमतात कारण काही होड्यांवरून त्यांना बिस्किटं टाकतात. आमच्या गाइडला आम्ही टाकू नका म्हटलं. मासे दोन मिनिटांनी पांगले आणि मग खडकावर चरणारे पोपट मासे दिसले. बिस्किटांच्या गर्दीत ते दिसत नाहीत. काचेमुळे पाण्यातली वस्तू पाऊणपट अंतरावर आणि सुमारे तिसऱ्या हिश्शाने मोठी दिसते. "हातभर मासा" सांगणाऱ्याचा मासा वजा करून घ्यावा.

पिंडरीत गोळा आला तर पायात घातलेल्या फिनचं, म्हणजे माशाच्या परासारख्या चपट्या बुटाचं, टोक हाताने आपल्याकडे ओढायचं, अर्ध्या मिनिटात सुटतो. जेलीफिश चाटून गेला तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोडं पाणी ओतू नका, चोळू नका.

ऊन मात्र आम्ही कमी लेखलं. मे महिन्यात 45 अंश सोसणाऱ्याला डिसेंबरातलं मालवण गार वाटतं. पण पालथं तरंगताना मान, कानामागे आणि गुडघ्याच्या लवणी भाजतात, आणि थंड पाण्यामुळे कळत नाही. पूर्ण बाह्यांचा अंगासरशी सिंथेटिक टी-शर्ट आणि लांब टाइट्स घाला. सुती कपडा भिजून जड होतो, जीन्स तर नकोच.

साडेअकराला होडीत परत. वारा सुटला होता. कानात पाणी राहिलं तर डोकं कलतं करून उभं राहा, काडी घालू नका. स्वतःचा मास्क घेतला असेल तर गोड्या पाण्यात पंधरा मिनिटं बुडवून सावलीत वाळवा. आमच्यातल्या एकाने घरी येऊन तो गच्चीवर टाकला आणि विसरला. एप्रिलमध्ये आठवण झाली तोवर पट्ट्याचे दोन तुकडे झाले होते.